नव्या स्पोर्ट्स कारमध्ये काय हवं होतं? खान्देशातल्या गाडीवेड्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं पाच जणांचं टोळकं आहे, एक भुसावळचा, दोन जळगावचे, एक पारोळ्याचा, एक तळोद्याचा, आणि रविवारी दुपारी हायवेवरच्या हॉटेलात शेवभाजी टेबलावर येईपर्यंत विषय एकच असतो. नवीन स्पोर्ट्स कार आली की पहिले दोन दिवस सगळे खुश, तिसऱ्या दिवसापासून सुरू की हे का नाही दिलं, ते का काढून टाकलं. मग भाचे विचारतात, गॅरेजवाले विचारतात, लग्नात शेजारी जेवायला बसलेले पाहुणे विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच ते असतात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय, कोणी विचारलं की हेच पाठवायचं.

आपण नक्की कोणत्या गाडीबद्दल बोलतोय भो?

जास्त करून टोयोटाच्या नव्या सुप्राबद्दल, कारण 'हे का नाही' असं तिच्याइतकं गेल्या काही वर्षांत दुसऱ्या गाडीबद्दल ऐकलं नाही. जुनी सुप्रा २००२ ला बंद झाली, नवी २०१९ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या शोमध्ये दाखवली, म्हणजे मधे सतरा वर्षं लोक वाट बघत बसले होते, आणि एवढी वाट बघितल्यावर अपेक्षांची यादी पण तेवढीच लांब होते ना. ती बीएमडब्ल्यूच्या झी-फोर या गाडीसोबत मिळून बनवली, इंजिन बीएमडब्ल्यूचं तीन लिटरचं सहा सिलेंडर टर्बो, आणि जोडणी ऑस्ट्रियात ग्राझला. भारतात ती कंपनीनं विकायला आणली नाही तरी आपल्याकडची पोरं तिच्याबद्दल घरच्या गाडीसारखी भांडतात. तिच्या जोडीला टोयोटाचीच जीआर-८६, फोर्डची मस्टँग, शेव्हरलेची कॉर्व्हेट, पोर्श ९११, फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय, आणि एमजीची नवी इलेक्ट्रिक सायबर्स्टर पण येईल मधे मधे.

सगळ्यात मोठी मागणी कोणती?

मॅन्युअल गियर. दुसरं काही नाही. २०१९ ला सुप्रा आली तेव्हा फक्त आठ गियरची ऑटोमॅटिक होती आणि त्या दिवसापासून जगभर एकच ओरड सुरू झाली की तीन पेडल द्या. टोयोटानं ते ऐकलं, २०२२ मधे सहा स्पीड मॅन्युअल जाहीर केला आणि २०२३ च्या मॉडेलपासून दिला. पण तोपर्यंत ज्यांनी पहिल्या दोन-तीन वर्षांत पैसे मोजले होते त्यांच्या हातात ऑटोमॅटिकच राहिली, आणि मला वाईट त्यांचंच वाटतं, कारण जे सगळ्यात आधी पैसे घेऊन उभे राहतात तेच खरे वेडे असतात.

कॉर्व्हेटचं पण तसंच झालं. २०२० च्या मॉडेलला इंजिन पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या पाठीमागं गेलं, गाडी जबरी झाली, पण क्लचचं पेडल गेलं ते गेलंच, फक्त ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच गाडी स्वतःच दाबते.

ऑटोमॅटिक तर जास्त फास्ट असते, मग मॅन्युअल कशाला पाहिजे?

फास्ट असते, मान्य. आजचा ऑटोमॅटिक बॉक्स माणसाच्या हातापेक्षा लवकर गियर टाकतो, यात वादच नाही. पण चाळीसगावहून कन्नडचा घाट एकदा मॅन्युअल गाडीनं चढून बघा, सकाळी सहाला, गर्दी व्हायच्या आत. वळण दिसतं, तुम्ही तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येता, क्लच सोडताना ॲक्सिलरेटरला हलका टोला देता, इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी वळणात अशी बसते की पाठीच्या कण्याला कळतं. हेच ऑटोमॅटिकमधे गाडी स्वतः करते, चांगलं करते, पण तुम्ही फक्त स्टिअरिंग धरून बसलेले असता. आमच्या तळोद्याच्या मित्राकडं साधी जुनी हॅचबॅक आहे आणि तोरणमाळचा सात पायरी घाट तिच्यात दुसऱ्या गियरवर चढताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो मी मोठ्या गाडीवाल्यांच्या चेहऱ्यावर पण क्वचितच बघितलाय.

आणि हे म्हणणारे आपण एकटे नाही. पोर्शनं २०१३ ला ९११ जीटी-थ्री फक्त ऑटोमॅटिकमधे आणली तेव्हा त्यांचे जुने गिऱ्हाईक नाराज झाले. मग २०१६ ला ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, मोजून ९९१ गाड्या, त्या हातोहात गेल्या, आणि २०१७ पासून जीटी-थ्रीला पण मॅन्युअल परत आला. सेकंदाच्या काट्यापेक्षा हाताला काय कळतं याला किंमत देणारे लोक आहेत हे त्यांना पटलं म्हणूनच आला ना.

मग कंपन्या सुरुवातीलाच का देत नाहीत?

पैसा. गियरबॉक्स बदलला की ती सरकारी कागदावर जवळपास वेगळी गाडी होते, धुराची टेस्ट वेगळी, इंजिनचं सॉफ्टवेअर वेगळं, क्लच-पेडल-लिव्हर बसवायला केबिनमधे खाली जागा वेगळी करावी लागते. सुप्रामधे तर इंजिन आणि ऑटोमॅटिक बॉक्सची जोडी बीएमडब्ल्यूकडून जमलेली तयार होती, मॅन्युअलची जोडी नव्यानं जमवावी लागली. वर ब्रेक आपोआप लावणाऱ्या, पुढच्या गाडीमागं स्वतः थांबून स्वतः निघणाऱ्या सिस्टिम आजकाल सगळीकडं लागतात, त्या ऑटोमॅटिकमधे सोप्या पडतात. हे सगळं मला समजतं. पण जी गाडी तुम्ही फक्त वेड्या लोकांसाठी बनवताय त्यात खर्च वाचवायचा तर वेड्यांच्या सगळ्यात आवडत्या गोष्टीवरच का वाचवायचा, हे मला अजून पटलेलं नाही.

भारतात मॅन्युअल स्पोर्ट्स कार मिळते का?

अगदी थोड्या. २०२३ ला बीएमडब्ल्यूनं एम-टू आणली त्यात सहा स्पीड मॅन्युअलचा पर्याय दिला, त्याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. मस्टँग २०१६ ला आली तेव्हा पाच लिटरचं व्ही-एट इंजिन आलं पण गियर फक्त ऑटोमॅटिक. गोल्फ जीटीआय २०२५ च्या मे महिन्यात ५२.९९ लाखाला आली, पहिला लॉट १५० गाड्यांचा, पण त्यातही मॅन्युअल नाही, आणि तो कारखान्यानंच सगळ्या जगासाठी बंद केलाय त्यामुळं इथं ओरडून उपयोग नाही.

ग्राउंड क्लिअरन्सचं काय? आपल्या गावात आली तर घासणार नाही का?

घासणार. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो आणि बरोबर येतो. भारतात आलेल्या मस्टँगचा क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यातलं अंतर, १३७ मिलीमीटर होता. आता स्पीडब्रेकर बघा. इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम आहे की गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे चढ इतका सावकाश की ताशी २५ च्या वेगानं गाडी आरामात पार व्हावी. तसा ब्रेकर असेल तर खाली बसलेली गाडी पण हळूहळू निघून जाते. पण आपल्या गावाच्या वेशीवर, शाळेसमोर, मंदिरासमोर जे ब्रेकर आहेत ते लोकांनी रात्रीतून टाकलेले खडी-डांबराचे बांध आहेत, रुंदी दोन फूट आणि उंची डोळ्यानं ठरवलेली. त्यावर पुढची चाकं पलीकडं उतरली की गाडीचं पोट मधोमध टेकतं. लांब नाकाची गाडी असेल तर चाक चढायच्या आधीच बंपर लागतो. आमच्या एका दोस्ताच्या दोन दारी गाडीचा पुढचा ओठ असाच गेला, एरंडोलच्या अलीकडं एका फाट्यावर, आणि तो प्लास्टिकचा तुकडा यायला सात आठवडे लागले.

यावर उपाय आहे आणि तो जगात बनलेला पण आहे. पुढचा ॲक्सल उचलणारी सिस्टिम. बटन दाबलं की नाक वर येतं. पोर्श देते, आणि कॉर्व्हेटची तर मला सगळ्यात आवडते, तीन सेकंदाच्या आत ४० मिलीमीटर वर उचलते, आणि जीपीएसवर एक हजार जागा लक्षात ठेवते. म्हणजे तुम्ही एकदा वेशीच्या ब्रेकरला बटन दाबलं की पुढच्या वेळी ती जागा आली की गाडी आपोआप नाक उचलणार. विचार करा, आपल्या घरापासून हायवेपर्यंतचे सगळे ब्रेकर एकदा शिकवले की झालं. माझ्या मते खाली बसलेली प्रत्येक गाडी इकडं विकायची असेल तर हे स्टँडर्ड पाहिजे, पर्यायी नाही, लाखभर रुपये जास्त घ्या पण द्या.

स्टेपनी का देत नाहीत?

हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. नव्या जवळपास सगळ्याच स्पोर्ट्स कारमधे स्टेपनी नसते, वजन वाचतं, डिक्कीत जागा होते म्हणून. तिच्या बदल्यात एक बाटली आणि छोटा हवेचा पंप देतात. बाटलीतलं द्रव टायरमधे सोडायचं, ते खिळ्याचं भोक बुजवतं. बारीक खिळा असेल, तो पण टायरच्या मधल्या पट्ट्यात, तर ठीक. बाजूची भिंत फाटली तर ती बाटली काही कामाची नाही.

मागच्या पावसाळ्यात सुरतहून येताना कोंडाईबारी घाटात हेच झालं. गाडी दोस्ताची, मी शेजारी बसलेलो, रात्रीचे साडेअकरा, पाणी भरलेला खड्डा दिसलाच नाही, चाक दणकन आत गेलं आणि टायरची बाजू बोटभर फाटली. बाटली रिकामी केली, सगळं द्रव रस्त्यावर. कंपनीच्या मदत नंबरवर फोन केला तर गाडी पाठवतो म्हणाले आणि ती पहाटे पावणेसहाला आली, तोपर्यंत आम्ही दोघं ट्रकच्या हेडलाइटात उभे. मधे एक ट्रक ड्रायव्हर काका थांबले, टोचन करून खालपर्यंत नेतो म्हणाले, पण या गाडीला टोचनचा हूक कुठं लावायचा हेच सापडेना, तो डिक्कीत गालिच्याखाली वेगळा ठेवलेला असतो आणि बंपरमधली छोटी टोपी काढून फिरवून बसवायचा असतो, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. साध्या गाडीत अर्ध्या तासाचं काम होतं, जॅक लावा, चार-पाच नट, चला घरी.

आणि टायर पण असा साइजचा की तो ना धुळ्यात मिळाला ना जळगावात, तो मागवावाच लागला.

म्हणून माझी मागणी अशी की पूर्ण चाक नको, बारीक तात्पुरतं चाक तरी द्या, आणि ज्याला नको असेल त्यानं ते घरी काढून ठेवावं. तुमच्याकडं अशी गाडी असेल तर टोचनचा हूक कुठं आहे आणि कसा बसतो ते आज दिवसाउजेडी बघून ठेवा, हे कळकळीनं सांगतोय.

टचस्क्रीनवर एवढा राग का?

स्क्रीनवर राग नाही, स्क्रीनमधे कोंबलेल्या बटनांवर आहे. स्पोर्ट्स कार चालवताना नजर रस्त्यावरच पाहिजे. फॅन वाढवायचा, काचेवरची वाफ काढायची, एवढ्यासाठी तीन ठिकाणी बोट लावायचं आणि ते पण खड्ड्यात हात हलत असताना, हे चूक आहे. आणि आपल्याकडं मार्च ते जून हाताला घाम असतो, कापसाच्या दिवसात आणि उन्हाळ्यात धुळीचा थर स्क्रीनवर बसतो, मग टच नीट लागत पण नाही.

गोल्फच्या आठव्या पिढीत स्टिअरिंगवर टचची बटनं दिली होती आणि तापमानाची सरकपट्टी अशी होती की रात्री तिला उजेडच नव्हता. लोक इतके चिडले की २०२४ च्या सुधारित गाडीत स्टिअरिंगवर खरी दाबायची बटनं परत आली आणि पट्टीला उजेड आला. फेरारीनं पण २०२५ च्या अमाल्फीमधे स्टिअरिंगवर खरी बटनं परत आणली, त्यात इंजिन चालू करायचं बटन पण आलं.

जळगाव-भुसावळच्या उन्हात या गाड्या टिकतात का?

टिकतात, पण माणूस टिकला पाहिजे ना. आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो. स्पोर्ट्स कार म्हणजे खाली बसलेली, तापलेल्या डांबराला जवळ, पुढची काच मोठी आणि तिरपी झोपलेली, केबिन छोटी, आत काळं लेदर. दुपारी दोनला कोर्टाच्या बाहेर उभी केलेली गाडी उघडली की आतून भट्टीसारखी झळ येते. इथं पाहिजे काय, तर हवेशीर सीट, ज्यात सीटच्या आतून पंखा फिरतो. आता पंधरा-वीस लाखाच्या एसयूव्हीत ही सीट मिळते आणि कोटीच्या आसपासच्या गाडीत गरम होणारी सीट देतात. गरम होणारी सीट आपल्याला काय करायची?

इंजिनचं पण सांगतो. हवा तापली की पातळ होते. १५ अंशाच्या हवेपेक्षा ४५ अंशाची हवा साधारण नऊ-दहा टक्के विरळ असते, तेवढा ऑक्सिजन कमी, तेवढी ताकद कमी. टर्बो गाडीत टर्बो ते थोडं भरून काढतो पण मग इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून येणारी गरम हवा गार करणारी जाळी, तापतो आणि कॉम्प्युटर स्वतःहून पॉवर खाली आणतो. दोन-चारदा जोरात पळवली की पिकअप मंदावतो तो त्यामुळं, गाडी खराब झालेली नसते, घाबरू नका. मोठा इंटरकूलर आणि जास्तीचा रेडिएटर कारखान्यातूनच मिळाला तर सोनं.

पेट्रोलकडं पण लक्ष द्या. साधं पेट्रोल आधी ९१ ऑक्टेनचं असायचं (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल इंजिनात वेळेआधी पेटू नये याचा आकडा), आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि बाहेरून आलेल्या बऱ्याच गाड्यांना ९५ किंवा त्याच्या वरचं लागतं. गाडीच्या पुस्तकात आणि टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

काच खाली केली की कानात धबधब होतं म्हणतात, ते काय?

सुप्राच्या मालकांची ही जुनी तक्रार आहे. ताशी साठ-सत्तरच्या वर एक काच खाली केली की केबिनमधली हवा ठोके देते, कान दुखतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की कसा घुमतो आवाज, तेच होतं, फक्त बाटली म्हणजे तुमची केबिन. गाडीचा आकार हवा कापायला इतका गुळगुळीत केलाय की वारा खिडकीवरून नीट सरकतो आणि मोकळ्या जागेवर असा ताल धरतो. बाहेरच्या कंपन्या आरशाजवळ लावायला छोट्या पट्ट्या विकतात, त्यांनी बराच फरक पडतो. चार-पाचशे रुपयाचं प्लास्टिक कारखान्यानं लावून दिलं असतं तर संध्याकाळी बांभोरीच्या पुलावरून गिरणेचा वारा घेत जाता आलं असतं, एवढंच म्हणणं आहे.

त्या बॉडीवरच्या जाळ्या खोट्या आहेत का?

सुप्रावरच्या बऱ्याच खोट्या. बोनेटवर, दरवाजावर, मागं, दिसतात हवा घेणाऱ्या पण बंद. कंपनीचं म्हणणं होतं की रेसिंगसाठी बदल करणाऱ्यांना त्या उघडता येतील अशी सोय ठेवलीय. मला ते अर्धवट पटतं. एवढी उघडायची सोय होती तर ब्रेकला हवा देणाऱ्या दोन तरी उघड्या देऊन टाकायच्या होत्या.

आणि याच गाडीत डिक्कीला बाहेरून उघडायचं बटन नाही, चावीवरून किंवा आतून उघडायची, दोन्ही हातात सामान असेल तर खाली ठेवा. सुरुवातीच्या गाड्यांत अँड्रॉइड ऑटो पण नव्हतं.

मागची सीट हवी होती का? स्पोर्ट्स कारला कशाला?

जुन्या सुप्राला होती. छोटी, पाय ठेवायला जागा नाही, पण होती. नवी दोनच सीटची. आमच्यात यावर दोन गट आहेत आणि मी मागची सीट पाहिजे या गटात आहे. आपल्याकडं घरात गाडी आली की ती एकट्याची नसते. पूजा झाली, नारळ फुटला की पहिली चक्कर आईची, मग पुतण्या, मग शेजारचा पोरगा. ९११ आणि मस्टँगमधे मागं छोट्या सीट आहेत, त्यात लहान पोरं बसतात, आणि तेवढ्यावर घरातले लोक हो म्हणतात. माझ्या एका भावाला दोन सीटच्या गाडीला वडिलांनी नाही म्हटलं आणि चार सीटच्या, त्याहून महाग गाडीला हो म्हटलं.

इंजिनाचा आवाज पूर्वीसारखा का येत नाही?

युरोपात २०१८ च्या आसपास धुराचे नियम कडक झाले, पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमधे पण बारीक कण अडवणारा फिल्टर बसायला लागला, त्यानं आवाज दबतो. टर्बो पण आवाज खातो. मग कंपन्या केबिनमधे स्पीकरमधून इंजिनाचा आवाज वाढवून ऐकवतात. मागणी सोपी आहे, तो आवाज पूर्ण बंद करायचं एक बटन द्या, जे खरं आहे तेच ऐकू दे. बाहेरून फटफट सायलेन्सर मात्र लावू नका भाऊ, चलान होतं ते होतंच, पण दवाखान्यासमोरून तो आवाज करत जाणं बरं दिसत नाही.

उजव्या हाताची गाडी ही पण मागणी असते का?

असते, आणि आपल्यासाठी तर पहिली अटच. कित्येक अमेरिकन गाड्या वर्षानुवर्षं फक्त डाव्या स्टिअरिंगच्या बनल्या. मस्टँग कारखान्यातूनच उजव्या हाताची यायला २०१५ ची पिढी उजाडावी लागली, तेव्हा कुठं ती २०१६ ला भारतात आली. कॉर्व्हेट उजव्या हाताची झाली ती या आठव्या पिढीत पहिल्यांदा.

इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारमधे काय हवं?

एमजीची सायबर्स्टर २०२५ ला भारतात आली, दोन सीट, छप्पर उघडणारी, दरवाजे कात्रीसारखे वर जाणारे, ५१० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप). बघायला फार देखणी आहे. पण वजन जवळपास दोन टन, आणि चाचणी करणाऱ्यांनी सांगितलं की स्टिअरिंगच्या कड्यामागं बाजूचे स्क्रीन झाकले जातात. वजन हीच इलेक्ट्रिकची खरी अडचण आहे, छोटी गाडी असून वळणात मोठ्या गाडीसारखी वाटते.

ह्युंदाईनं २०२३ ला आयोनिक-५ एन मधे एक गोष्ट केली, गाडीत गियर नसून आठ गियर असल्यासारखा झटका आणि आवाज दिला. आधी मला ते खोटं वाटलं होतं. आता मत बदललंय, कारण वळणात कोणत्या वेगात आहोत हे कानाला आणि पाठीला कळायला त्याचा उपयोग होतो, आणि नको असेल तर बंद करता येतं.

तुमच्या यादीत जास्त हॉर्सपॉवर का नाही?

कारण कोणी मागितलीच नाही. मी गेल्या काही वर्षांतलं आमच्यातलं सगळं बोलणं आठवून बघितलं, मॅन्युअल, नाक उचलणं, स्टेपनी, बटनं, गार सीट, मागची सीट, यात कुठंच पॉवर नाही. सुप्राला अमेरिकेत सुरुवातीला ३३५ हॉर्सपॉवर होती, २०२१ च्या मॉडेलला ३८२ केली, छान झालं, पण त्याच वेळी लोक क्लचच मागत होते.

एकच अपवाद, पहिली टोयोटा ८६. २०१२ ची, दोन लिटर, मधल्या आरपीएमला इंजिन एकदम ढिलं पडायचं. तिथंही लोकांनी मोठा आकडा मागितला नाही, मधला खड्डा भरा म्हणाले. नव्या जीआर-८६ ला २.४ लिटर इंजिन आलं आणि जो टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, आधी ६,४०० आरपीएमच्या पुढं यायचा तो ३,७०० ला मिळायला लागला. ओव्हरटेकला काय फरक पडतो ते केळीच्या ट्रकमागं अडकलेल्या माणसाला सांगायला नको.

आपण ओरडून कंपनी खरंच ऐकते का?

ऐकते, उशिरा ऐकते. सुप्राचा मॅन्युअल, जीटी-थ्रीचा मॅन्युअल, गोल्फची बटनं, सगळं वर सांगितलंच. माझदाच्या एमएक्स-५ ला २०१५ ला स्टिअरिंग पुढं-मागं सरकत नव्हतं, उंच माणसाचे हात ताणायचे, ते २०१९ च्या मॉडेलला दिलं.

भारतासाठी म्हणून वेगळं काही मागणं मात्र अवघड जातं. या गाड्या तयार स्थितीत बाहेरून येतात, वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या इथली वेगळी टेस्ट न करता आणता येतात, त्यामुळं कंपनी तिकडची गाडी जशीच्या तशी उतरवते. वर २०२५ च्या हिशोबानं ७० ते ११० टक्के ड्युटी होती. पन्नास-शंभर गाड्यांसाठी कोणी सस्पेन्शन बदलत नाही. म्हणून मी म्हणतो की जे तिकडं बनलेलंच आहे तेच मागा, नाक उचलणारी सिस्टिम, हवेशीर सीट, तात्पुरतं चाक. बुकिंगच्या वेळी लेखी विचारा. शोरूमवाला नाही म्हणेल, तरी कागदावर जाऊ द्या.

बजेट तेवढं नाही. घाटात मजा येईल असं काय घेऊ?

फोक्सवॅगन व्हर्टस दीड लिटर टर्बो, १५० पीएस, सहा स्पीड मॅन्युअलमधे. पुण्याजवळ चाकणला बनते. क्लिअरन्स रिकामी असताना १७९ मिलीमीटर, म्हणजे वेशीचा ब्रेकर तिरपी घालून निघते. चार जण बसतात, डिक्की मोठी. थोडं कमी बजेट असेल तर ह्युंदाई आय-२० एन लाइनला २०२३ पासून सहा स्पीड मॅन्युअल आलाय, ती पण चालवून बघा. घ्यायच्या आधी टेस्ट ड्राइव्ह शहरात नका घेऊ, शोरूमवाल्याला विनंती करून धुळ्याकडचे असाल तर लळिंग घाटापर्यंत न्या, दुसऱ्या-तिसऱ्या गियरवर चढवा, उतरताना ब्रेक बघा, आणि निघायच्या आधी डिक्की उघडून स्टेपनी हातानं दाबून हवा आहे का ते तपासा.